स्पष्ट बोलण्याचा अभ्यास

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय राजनंदिनी,

हे पत्र हातानं लिहिते आहे. आधी ई-मेलच लिहायला बसले होते, पण तिथं खोडणं फार सोपं जातं आणि मी खोडतच राहिले. कागदावर निदान खोडलेलं दिसतं. लिहून झालं की पानांचे फोटो काढून तुला पाठवीन. मध्ये कुठं अक्षर बिघडलं असेल तर चालवून घे.

गेल्या आठवड्यात मी निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, तुळशीचं रोप, सगळं यथासांग झालं. प्राचार्यांनी भाषणात मला ‘ग्रीक तत्त्वज्ञानाच्या जागतिक कीर्तीच्या अभ्यासक’ म्हटलं आणि चहाच्या वेळी संस्थेचे एक पदाधिकारी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “मॅडम, माझ्या मेहुण्याला संधिवात आहे, तुमच्या त्या ग्रीकमध्ये काही औषध आहे का?” मला हसू आलं, वाईटही वाटलं. बत्तीस वर्षं शिकवल्यावर गावाला एवढंच कळलं होतं, की मंगळवार पेठेत एक बाई राहते आणि तिला ग्रीक येतं. पलीकडच्या गल्लीतल्या धोंडुबाई तर डॉक्टरांची चिठ्ठी वाचून घ्यायला माझ्याकडं यायच्या. माझी जागा आता भरणार नाहीत. तर्कशास्त्राचे तास कुणीतरी तासिका तत्त्वावर घेईल. ग्रीक संपलं. म्हणजे कोल्हापुरातलं संपलं, पण तू आहेस. आजवर हे वाक्य मी फार अभिमानानं म्हणत आले.

तुला माझी सगळी गोष्ट कधी सांगितलीच नाही. वडील नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात होते. आमच्या घरात रोज संध्याकाळी वंदना व्हायची, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. ग्रीक मला शिकवलं चर्चमधल्या एका म्हाताऱ्या पाळकांनी. धर्मग्रंथासाठी शिकलेली भाषा त्यांच्याकडं पडून होती आणि शिकायला कुणी नव्हतं. मी एम.ए.ला होते. त्यांच्या ओसरीवर बसून मी क्रियापदं पाठ केली. ती भाषा मला का आवडली ते तेव्हाही सांगता यायचं नाही, आताही येत नाही. आमच्या वस्तीतल्या मंडळींना वाईट वाटलं. आपल्यातली एवढी हुशार पोरगी, ती पाली सोडून कुठं भलतीकडं निघाली, असं ते म्हणायचे. नोकरीच्या मुलाखतीत विद्यापीठातून आलेल्या तज्ज्ञांनीही तेच विचारलं, फक्त वेगळ्या सुरात. “तुम्ही बौद्ध दर्शन घ्यायला हवं होतं, नाही का? तुम्हाला ते जास्त शोभलं असतं.” मी म्हटलं, “सर, ते माझ्या घरात आहे. मला दुसऱ्याच्या घरात काय आहे ते बघायचंय.” नोकरी मिळाली, पण ‘ही बाई जरा तिखट आहे’ असा शेराही कायमचा चिकटला.

पुढं अथेन्सला जाऊन पीएच.डी. केली. विषय तुला पाठच आहे, पार्रेसिया. मित्राला, शिष्याला, राजालासुद्धा तोंडावर खरं सांगणं. जुन्या अथेन्स शहराबाहेरच्या बागेत एका तत्त्वज्ञाभोवती एकत्र राहणारी ती मित्रमंडळी एकमेकांच्या चुका कशा सांगायची, केव्हा सांगायची, कोणत्या शब्दांत सांगायची, यावर मी उभं आयुष्य घातलं. दोन पुस्तकं लिहिली, परदेशातल्या नियतकालिकांत लेख आले. त्या एका शब्दाला मराठीत काय म्हणावं यावर तुझ्याशी किती भांडले! स्पष्टोक्ती, परखडपणा, मोकळीक. एकही शब्द मनासारखा बसला नाही. वर्गात मात्र मी सरळ सांगायचे, की कोल्हापुरात राहून तुम्हाला हे समजावून द्यावं लागू नये.

तू आलीस तेव्हा वर्गात सातजण होते आणि त्यातले सहा हजेरीसाठी. तू पहिल्याच महिन्यात माझी चूक काढलीस, भर वर्गात. ‘मॅडम, तुम्ही मघाशी याच्या उलट म्हणालात.’ त्या दिवशी मी घरी येऊन गोड शिरा केला होता, हे तुला माहीत नाही. मग एक दिवस तुझे आप्पा आले. चंदगडहून पहाटेच्या एस.टी.नं, पिशवीत ओले काजूगर घेऊन. पोरगी नक्की काय शिकते ते बघायला आले होते. मी म्हटलं, बसा की वर्गात. ते शेवटच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन तासभर बसले. बाहेर आल्यावर म्हणाले, “म्हंजे तोंडावर बोलायचं, येवढंच की. त्याला परदेशात कशाला जायाला पायजे? आमच्या भावकीत या की एकदा.” मी इतकी हसले की शेजारच्या वर्गातनं डोकावून बघितलं लोकांनी. ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “तुमच्यावानी हुईल व्हय ती?” मी हो म्हटलं. त्या एका ‘हो’वर त्यांनी भावकीतल्या सगळ्यांची तोंडं बंद केली आणि एकुलत्या एका पोरीला अथेन्सला धाडलं.

आता जे लिहायचंय त्याच्याकडं येते.

आप्पांच्या पोटातलं दुखणं काय आहे ते कळलं तेव्हा तू तिकडं रुळू लागली होतीस. रिपोर्टांची पिशवी घेऊन ते इथल्या दवाखान्याच्या जिन्यात बसले होते. शेजारी तुझी आई. मला बघून उठले आणि म्हणाले, “मॅडम, पोरीला कायबी सांगू नगासा. ऐकलं की सगळं टाकून येती ती. तुमच्या शब्दाभाईर न्हाय, तवा तुमीच सांभाळा.” मी त्यांना म्हणायला हवं होतं, की मला असं खोटं बोलायला लावू नका. मी तर त्यावरच दोन पुस्तकं लिहिलेली. पण मी म्हटलं, “काळजी करू नका.” आप्पांनी शपथ घातली म्हणून गप्प बसले, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. खरं असं, की ते म्हणाले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. तू परत आली असतीस तर तिथली पुढची डॉक्टरेटची जागा गेली असती. जागा एकच होती. तू हे सोडलंस की माझं सगळं गेलं, इतका सरळ हिशोब माझ्या मनात होता.

उपचारांसाठी ते दोघं माझ्याकडंच राहिले, एवढं तुला नंतर कळलं. कसे राहिले ते सांगते. पहिले दोन दिवस तुझ्या आईनं माझ्या घरचा चहा घेतला नाही. उपास आहे म्हणाली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बघते तर बाई माझ्या गॅसवर भाकरी टाकतेय. मला म्हणाली, “गरम हाय तवर खावा.” आम्ही दोघींनी त्यावर एक शब्द काढला नाही आणि त्यानंतर त्या घरात माझं-तुझं असं काही राहिलं नाही. तुझा फोन आला की आप्पा आधी घोटभर पाणी प्यायचे, घसा साफ करायचे आणि मग बोलायचे. फोन पडून कॅमेरा बिघडला, ही थाप मी शिकवलेली. तू विचारायचीस, काजूला मोहोर कसा आहे, आणि ते माझ्या बाहेरच्या खोलीत झोपून तुला मोहोराचं वर्णन करायचे. फोन ठेवला की माझ्याकडं बघायचे. बरोबर बोललो न्हवं, असं.

आणि मग एका दुपारी तुझी आई औषधं आणायला खाली गेली होती. मी त्यांच्याजवळ बसून परीक्षेचे पेपर तपासत होते. त्यांनी हाक मारली आणि म्हणाले, “मॅडम, आता बोलवा पोरीला. सांगू नगा म्हटलं हुतं, ते ऱ्हाऊ द्या. मला बघायचीया ती.”

राजनंदिनी, हे वाक्य ते मला म्हणाले, हे तुला कुणी सांगितलेलं नाही. मला माहीत आहे.

मी त्यांना सांगितलं, की पुढच्या सोमवारी त्या जागेसाठी तुझी तोंडी परीक्षा आहे, ती झाली की लगेच निघेल. डॉक्टरांनी महिना-दीड महिना तरी आहे असं सांगितलं होतं. ते खरं आहे आणि मी त्या महिन्याला धरून बसले. आप्पांनी वाद घातला असता तर मी कदाचित फोन उचलला असता. पण ते म्हणाले, “बरं. तुमास्नी कळतंय त्यातलं.” संध्याकाळी मी तुझ्या आईला सांगितलं. ती म्हणाली, “मग बोलवूया की.” मी तिला समजावलं, की जागा एकच आहे, चार देशांतली मुलं आहेत, हा सोमवार परत येणार नाही. मी शिकवते तशी मुद्दे मांडून समजावलं. तिनं दोन वेळा फोन हातात घेतला आणि माझ्या तोंडाकडं बघून खाली ठेवला.

मग रोज ते विचारायचे, निघाली का. मी म्हणायचे, निघते आहे. तब्येत उतरत चालली होती हे मला दिसत होतं. दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही. रविवारी त्यांना बोलायलाही धाप लागत होती. त्यांनी पुन्हा विचारलं आणि मी म्हटलं, “निघाली आप्पा. विमानात बसली.” त्यांचा चेहरा इतका सैल झाला! मग त्यांनी विचारलं, “इमानात जेवाय देत्यात न्हवं?” मी म्हटलं, देतात. सोमवारी पहाटे ते गेले. तू तेव्हा तिकडं झोपली असशील. परीक्षेच्या आदल्या रात्रीची ती गाढ झोप मी तुझ्यासाठी राखून ठेवली होती.

त्या दुपारी आम्ही त्यांना चंदगडला घेऊन गेलो होतो. त्यांचा फोन माझ्याच पर्समध्ये होता. अंगणात माणसं जमलेली, बायका आत तुझ्या आईजवळ, आणि तो फोन वाजला. मी उचलला. तू ओरडलीस, “आप्पा, झालं! मला घेतलं!” मग माझा आवाज ऐकून हसलीस आणि म्हणालीस, “मॅडम, तुमच्याकडं कसा फोन? आप्पांना द्या ना, आधी त्यांना सांगायचंय.” पुढचं तुला माहीत आहे. मी तुला कोणत्या शब्दांत सांगितलं ते मला आठवत नाही. वाईट बातमी कशी सांगावी यावर माझं एक अख्खं प्रकरण आहे.

तू आलीस तेव्हा सावडण्याचा दिवस होता. सगळं उरकलं होतं. बेळगावहून केलेली गाडी दारात थांबली आणि तू सरळ आईसमोर जाऊन उभी राहिलीस. मी नळापाशी होते, हातात तांब्या. तू विचारलंस, “आप्पांनी एकदाही माझं नाव काढलं नाही?” तुझ्या आईनं एकदाच माझ्याकडं बघितलं. मी आता बोलेन असं तिला वाटलं असेल, किंवा बोलू नका असं तिला सांगायचं असेल. मग ती म्हणाली, “काढलं हुतं की. बोलवा म्हणाले. मीच नगं म्हटलं. परीक्षा हाय म्हटलं.” तू तिच्याकडं असं बघितलंस, की मी मान खाली घातली. आणि मग तू वळलीस, माझ्या गळ्यात पडलीस आणि रडलीस. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. सगळी भावकी बघत होती. लोक म्हणाले, बघा, बाईंनी पोरीला कसं सावरलं.

त्या क्षणी मी बोलले असते तर ते दोन वाक्यांत झालं असतं. आता इतकी पानं लागताहेत.

माणसं पांगल्यावर मी तुझ्या आईला परसात गाठलं. म्हटलं, बनाबाई, हे असं का सांगितलंत, मी आत्ता जाऊन तिला खरं सांगते. तिनं माझं मनगट धरलं. म्हणाली, “न्हाय सांगायचं. माझ्यावर रागवंल आणि ईल कवातरी माघारी. आई हाय मी, जाईल कुठं? तुमच्यावर रागावली तर ते शिकणं सोडंल. मग मानूस बी गेलं आणि ते बी गेलं. त्यांनी कशापायी सोसलं मग?” मी काय केलं असेल? मान हलवली. दुसऱ्यांदा कुणीतरी मला गप्प राहायला सांगितलं आणि दुसऱ्यांदा ते माझ्या सोयीचं निघालं.

चार महिने झाले. दर रविवारी तू मला फोन करतेस. काय वाचलंस, कुठं अडलंस, तिकडच्या मार्गदर्शक बाई कशा खडूस आहेत. आईचा विषय निघाला की म्हणतेस, जाऊ द्या मॅडम. मागच्या रविवारी मी चंदगडला जाऊन आले. तुझी आई बरी आहे. काजूगर वाळत घातले होते, म्हैस व्यायली आहे. मी जेवायला बसले तेव्हा तिनं विचारलं, “मॅडम, ती जेवती न्हवं येळंला? तुमास्नी सांगत असंल.” तुझ्या तब्येतीची खबर तुझी आई माझ्याकडून घेते, बाळ. मी तिला सांगितलं की तू बरी आहेस, उन्हासाठी टोपी घेतलीस. ती कान देऊन ऐकत होती. परत येताना एस.टी.त बसले आणि तुझा फोन आला. तू म्हणालीस, “मॅडम, आप्पा गेल्यापासून मला तुम्हीच आहात. तुम्ही मला कधी फसवलं नाहीत.” मी म्हटलं, गाडीत आवाज येत नाही, नंतर बोलू.

म्हणून हे लिहिलं. आप्पांनी तुला बोलावलं होतं. तुझ्या आईलाही तुला बोलवायचं होतं. अडवलं मी, आणि तुझ्यासाठी जेवढं अडवलं त्याहून जास्त माझ्यासाठी. तुझ्या आईला मी शब्द दिला होता, तो हे पत्र लिहून मोडते आहे. तिला यातलं काही ठाऊक नाही. तू शिकणं सोडशील ही तिची भीती खरी करायची की खोटी, ते तुझ्या हातात आहे. म्हणून एवढं सांगते, की तुझी जागा माझ्या शिफारशीवर उभी नाही. तिकडच्या बाईंना मी कालच कळवलं, की यापुढं तुझं लिखाण माझ्याकडं पाठवायची गरज नाही, त्या पुऱ्या समर्थ आहेत. माझ्याशी बोलणं तू आजपासून सोडलंस तरी तुझा अभ्यास कुठं अडत नाही. माझ्यावर हवा तेवढा राग धर, हवा तितकी वर्षं धर. क्षमा मी मागत नाही. मागितली की ती द्यायचं ओझं पुन्हा तुझ्यावरच येईल. फक्त हे वाचून झालं की आईला फोन कर. काय बोलायचं ते आधी ठरवू नकोस, तिलाही काही सुचणार नाही. ‘आई’ म्हण आणि थांब.

जिनं तुला घडवलं असं लोक म्हणतात,
पण तुझ्या घरची गुन्हेगार, तरीही तुझीच
निशा